.२२३ चा हँडलोड कधी अर्धा इंच, कधी सव्वा इंच. नक्की कुठे बघू?

रानवारा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथलं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. रायफल बोल्ट ॲक्शन, .२२३ रेमिंग्टन, २४ इंची जाड नळी, ट्विस्ट (नळीतल्या आट्यांचा पीळ) ९ ला १. काम एकच : प्रेअरी डॉग आणि जमिनीत बिळं करणाऱ्या खारी. अंतर साधारण १५० ते ३०० यार्ड.

फॅक्टरीची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळी-पावडरच्या वजनाचं माप) काडतुसं १०० यार्डांवर इंच-सव्वा इंचाचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) देतात. दीडशे यार्डांपर्यंत तेवढं चालतं. पण समोरून प्रेअरी डॉगची रुंदी असते जेमतेम तीन-चार इंच, आणि खार त्याहून बारीक. तीनशेवर गोळी कडेला लागली की जनावर जखमी होऊन बिळात शिरतं आणि आत तडफडत मरतं. ते मला नको आहे. गोळी लागली तर जागेवर संपायला हवं, नाहीतर मी चाप ओढणारच नाही. म्हणून हँडलोडिंगला, म्हणजे काडतुसं स्वतः भरायला, हात घातला.

सध्याचं सामान असं : हॉर्नडीची ५५ ग्रेन व्ही-मॅक्स गोळी, हॉजडनची वार्गेट पावडर, सीसीआय ४०० प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी). पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचं) रेंजवर जमा केलेल्या, तीन-चार कंपन्यांच्या. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जपासून (पावडरच्या वजनापासून) ०.२ ग्रेनने चढत गेलो, प्रत्येक चार्जला तीन गोळ्या. मधल्या एका चार्जला ग्रुप अर्ध्या इंचाच्या आत आला. तोच चार्ज पुन्हा भरून मारला तर सव्वा इंच. आणि त्याच्या शेजारचा चार्ज, जो आधी वाईट होता, तो या वेळी पाऊण इंचात.

आता पावडर ०.१ ग्रेनच्या पायरीने तपासू का? बेंचरेस्ट (टेबलावरून टेकून करायच्या अचूक नेमबाजीचे) प्रायमर घेऊ का? पुंगळ्यांच्या माना आतून-बाहेरून कातून एकसारख्या कराव्यात असंही वाचलं. एवढं सगळं करायचं तर सुरुवात कुठून करावी?

पितळखोर

पहिलं काम : त्या मिसळीच्या पुंगळ्या बाजूला काढा. कंपनी बदलली की पितळाची जाडी बदलते, जाडी बदलली की आतली जागा बदलते, आणि तीच पावडर वेगळा दाब देते. .२२३ मध्ये हा फरक मोठा असतो. काही पुंगळ्या लष्करी असतील तर प्रायमरच्या खोबणीला क्रिंपही (प्रायमर पकडणारी दाबलेली कड) असेल, तो काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. एका कंपनीच्या, एका लॉटच्या शंभर पुंगळ्या घ्या आणि त्या शंभर कायम एकत्र फिरवा. कितव्यांदा भरल्या ते डब्यावर लिहा.

बाकीचं सदूभाऊ सांगतीलच, त्यांना सवड झाली की.

सदूभाऊ

रानवारा, तुमचा हेतू वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो. पितळखोर म्हणतात ते बरोबरच आहे. पण पुंगळ्या, प्रायमर, पावडर या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करा : तुम्हाला तो "अर्ध्या इंचाचा चार्ज" सापडलेला नव्हता आणि तो हरवलाही नाही. तुमच्या रायफलीचा खरा ग्रुप इंचाच्या आसपास आहे आणि तीन गोळ्यांत तो कधी अर्धा दिसतो, कधी सव्वा. शितावरून भाताची परीक्षा होते, ग्रुपची होत नाही.

याचं गणित साधं आहे आणि एकदा समजलं की पुष्कळ पावडर वाचते. रायफल, गोळी, माणूस, सगळं तेच ठेवून तीन-तीन, पाच-पाच आणि दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप मारत राहिलात, तर दहाचा ग्रुप सरासरीने तीनच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडा मोठा येतो आणि पाचच्या ग्रुपच्या सव्वापट. म्हणजे तीनवर बोलणारा आणि दहावर बोलणारा एकाच रायफलीबद्दल वेगवेगळे आकडे सांगतात आणि दोघंही खरं बोलत असतात. त्यात तीनचा ग्रुप भलताच हेलकावतो : सरासरीच्या एक तृतीयांशाहून जास्त खाली-वर जाणं हे त्याचं नेहमीचंच. पाचचा ग्रुप पावपट हेलकावतो. ज्या लोडचा (गोळी-पावडरच्या जुळणीचा) पाच गोळ्यांचा सरासरी ग्रुप ०.८ इंच आहे, तो लोड आज ०.५ दाखवेल आणि उद्या १.१ दाखवेल, मध्ये काहीही बदललेलं नसताना.

तुम्ही ०.२ ग्रेनच्या पायऱ्यांवर तीन-तीन गोळ्या मारल्यात. त्या आठ-दहा कागदांपैकी एखाद्यावर छान ग्रुप दिसणारच होता. तो चार्जमुळे आला की नुसता योगायोगाने, हे त्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून इथून पुढे तुलना करायची ती निदान दहा गोळ्यांवर. सलग दहा मारल्या तर नळी तापते, म्हणून पाच-पाचचे दोन ग्रुप मारा, मध्ये नळी हाताला सोसवेल इतकी निवू द्या, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून सगळी भोकं एकाच ग्रुपमध्ये मोजा. यात काडतुसं जास्त जातात हे खरं. पण तीन-तीनच्या खेळात त्याहून जास्त जातात आणि हाती काहीच लागत नाही.

आता रायफल. लोडला हात लावण्याआधी तिची तपासणी करा. ॲक्शनचे स्क्रू स्टॉकच्या कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर आहेत का, स्कोपचे बेस आणि रिंग घट्ट आहेत का, नळी आणि स्टॉक यांच्यामध्ये कागदाची पट्टी ॲक्शनपर्यंत सरळ सरकते का. स्कोपचं पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर जुळवा : डोकं किंचित हलवलं तरी क्रॉसहेअर लक्ष्यावर स्थिर राहिला पाहिजे. पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्या, आणि प्रत्येक गोळीला खांद्यावर तेवढाच दाब. नळीतलं तांबं आणि कार्बन एकदा नीट काढा, मग काही गोळ्या मारून नळी पुन्हा स्थिरावू द्या आणि मगच मोजायला सुरुवात करा. ही सगळी एका दुपारची कामं आहेत, यावर जास्त लिहीत नाही.

यानंतर ज्याने सगळ्यात मोठा फरक पडतो ती गोष्ट म्हणजे गोळी. पावडर नव्हे, प्रायमर नव्हे. कोणती गोळी तुमच्या नळीला आवडते ते आधी शोधा. चार्ज ०.१ ग्रेनने खाली-वर करून जे हाती लागतं, त्याच्या कितीतरी पट गोळी बदलल्यावर लागतं.

तुमचं ट्विस्ट ९ ला १ आहे, म्हणजे ९ इंचात गोळीची एक फिरकी पूर्ण होते. गोळी स्थिर राहते की नाही हे तिच्या लांबीवर ठरतं. वजनाचा आपण उल्लेख करतो तो केवळ सोयीसाठी, कारण एकाच व्यासात वजन वाढलं की लांबी वाढते. जुन्या व्हार्मिंट (लहान उपद्रवी प्राण्यांसाठीच्या) रायफलींना १२ ला १ किंवा १४ ला १ ट्विस्ट असायचं, त्यांना ५५ ग्रेनच्या पुढे जाणं अवघड. तुमच्या नळीत ४० पासून ६९ ग्रेनपर्यंत बरंच काही चालायला हवं. तेव्हा ४०, ५० आणि ५५ ग्रेनच्या तीन-चार वेगवेगळ्या गोळ्यांची लहान खोकी आणा. व्ही-मॅक्स आहेच, त्यासोबत सिएराची ब्लिट्झकिंग आणि नोस्लरची बॅलिस्टिक टिप व्हार्मिंट बघा. सपाट बुडाची एखादी गोळीही त्यात असू द्या, तीनशेच्या आतल्या कामात सपाट बूड बऱ्याचदा छान जमतं.

इथे फिरकीचा हिशोब करून ठेवा. वेग फूट प्रति सेकंदात घ्या, त्याला ७२० ने गुणा आणि ट्विस्टच्या इंचांनी भागा : मिनिटाचे फेरे मिळतात. ३,२०० च्या वेगाला ९ ट्विस्टमध्ये २,५६,००० फेरे. तोच वेग १२ ट्विस्टमध्ये असेल तर १,९२,०००. अतिपातळ जॅकेटच्या काही गोळ्या .२२ हॉर्नेटसारख्या मंद काडतुसांसाठी बनवलेल्या असतात. त्या वेगवान ट्विस्टमधून पळवल्या तर लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच हवेत फुटू शकतात, आणि कागदावर भोकाऐवजी राखाडी धूसर रेघ दिसते किंवा काहीच दिसत नाही. खोक्यावर कमाल वेग लिहिलेला असेल तर तो पाळा.

प्रत्येक गोळीसाठी त्याच गोळीच्या कंपनीच्या मॅन्युअलमधला मधला चार्ज घ्या, दहा-दहा मारा आणि कागद तारखेसकट ठेवा. चार गोळ्यांपैकी एक-दोन स्पष्टपणे पुढे आलेल्या दिसतील. बाकीच्या सोडून द्या.

आता पुंगळ्या, कारण हँडलोडिंगमधलं खरं हातकाम इथे आहे आणि मला ते सगळ्यात आवडतं.

झाडलेली पुंगळी तुमच्या चेंबरचं (नळीतल्या काडतुसाच्या जागेचं) माप घेऊन बाहेर येते. रिसाइझिंग डायमध्ये (पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, किती मागे ढकलायचा हा प्रश्न आहे. नुसतं "डाय शेलहोल्डरला (पुंगळी धरणाऱ्या तुकड्याला) टेकवा आणि पाव फेरा जास्त द्या" असं केलं तर खांदा गरजेपेक्षा बराच मागे जातो, पुंगळी दर वेळी ताणली जाते आणि बुडाच्या वर पितळ पातळ होत जातं. काही फेऱ्यांनी तिथे चकचकीत कडं दिसतं आणि पुढे पुंगळी तिथूनच तुटते. म्हणून मोजा. कॅलिपरला लावायचा हेडस्पेस कंपॅरेटर मिळतो, .२२३ ला ०.३३० इंचाचा इन्सर्ट लागतो. झाडलेल्या पाच-सहा पुंगळ्यांचे प्रायमर काढून त्यांची बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी मोजा. मग डाय थोडा थोडा खाली आणत जा. बोल्ट ॲक्शनला खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की पुरे. खात्री करायची तर बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढा, साइझ केलेली रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घाला आणि बोल्टचा दांडा सोडा. खांदा मागे गेलेला नसेल तर दांडा अर्ध्यावर अडतो. बरोबर जागा आली की तो स्वतःच्या वजनाने खाली येतो, अगदी शेवटी बारीकशी पकड जाणवत. हा स्पर्श एकदा हाताला कळला की कॅलिपरचा आकडा आणि हात एकमेकांना दुजोरा देतात. डायचं लॉकरिंग तिथेच कसा.

मानेची पकड : भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास आणि साइझ केलेल्या रिकाम्या मानेचा बाहेरचा व्यास यांत ०.००२ इंचाचा फरक बहुतेक व्हार्मिंट कामाला चांगला. पकड किती यापेक्षा सगळ्या पुंगळ्यांत सारखी असणं महत्त्वाचं. साध्या डायमधला, मान आतून रुंद करणारा एक्सपांडरचा गोळा मानेतून कोरडा ओढला गेला तर मान वाकडी करतो, त्यामुळे मानेच्या आतही वंगणाचा हलका हात फिरवा आणि नंतर पुसून काढा. पुंगळ्यांची लांबी १.७६० इंचाच्या पुढे जाऊ देऊ नका, सगळ्या १.७५० ला एकसारख्या कापा आणि तोंडाची धार आतून-बाहेरून हलकी मारा. माना कातण्याची गरज फॅक्टरी चेंबरला नाही. ते काम घट्ट मानेच्या खास चेंबरसाठी आहे. तुमच्या चेंबरमध्ये आधीच सैल असलेली मान आणखी सैल होईल.

यानंतर गोळीची बसण्याची खोली. व्ही-मॅक्सच्या प्लॅस्टिक टोकापर्यंतची लांबी मोजत असाल तर ते बंद करा. टोकं एकाच खोक्यातही सारखी नसतात. ओजाइव्हवर (गोळीच्या निमुळत्या गोलाईवर) टेकणारा कंपॅरेटर वापरा. मॉडिफाइड केस लावायच्या गेजने गोळी आट्यांच्या सुरुवातीला कुठे टेकते ते काढा, चार-पाचदा मोजा आणि जवळजवळची मापं घ्या. तिथून ०.०२० इंच मागे गोळी बसवून सुरुवात करा, मग ०.००३ ते ०.००५ च्या पायऱ्यांनी आणखी खोल जा. फॅक्टरी चेंबरमध्ये कधी कधी आटे इतके पुढे असतात की तिथवर पोचायचं तर काडतूस मॅगझिनमध्येच मावत नाही. .२२३ ची ठरलेली कमाल लांबी २.२६० इंच आहे. तसं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, लांब उडी (गोळीपासून आट्यांपर्यंतचं अंतर) घेऊनही छान लागणाऱ्या गोळ्या पुष्कळ आहेत. मैदानावर वापरायची काडतुसं आट्यांत रुतवून तर मुळीच बसवू नका. दाब वाढतो, आणि न झाडता बाहेर काढताना गोळी नळीत अडकून राहते अन् सगळी पावडर ॲक्शनमध्ये सांडते.

आणि सगळ्यात शेवटी पावडरचं वजन, जिथून तुम्ही सुरुवात केली होती. .२२३ मध्ये ०.१ ग्रेनने वेगात साधारण १० ते १२ फूट प्रति सेकंद फरक पडतो. आता ५५ ग्रेनच्या गोळीच्या वेगात ५० फुटांची तफावत आहे असं धरा, म्हणजे चांगलीच ढिसाळ. तरीही त्यामुळे २०० यार्डांवर गोळी जेमतेम पाव इंच वर-खाली होते आणि ३०० वर अर्धा-पाऊण इंच. याउलट ताशी १० मैलांचा आडवा वारा त्याच गोळीला ३०० यार्डांवर जवळजवळ फूटभर ढकलतो. म्हणजे ताशी एक मैलाचा अंदाज चुकला तर इंचभर गेलं. जवळच्या पल्ल्याचे बेंचरेस्ट नेमबाज १०० आणि २०० यार्डांवर जगातले सगळ्यात लहान ग्रुप मारतात, आणि त्यांच्यातले बरेच जण वर्षानुवर्षं पावडर तोलत नाहीत, मेझरमधून मापाने टाकतात. त्यांचं सगळं लक्ष नळी, गोळी, गोळीची खोली आणि वाऱ्याचे झेंडे यांच्यावर असतं.

याचा अर्थ वजन करू नका असा नाही. मॅन्युअलचा सुरुवातीचा चार्ज ते कमाल चार्ज ही हद्द पवित्र मानायची, तिच्या बाहेर जायचं नाही आणि इथल्या कुणाचाही चार्ज उचलायचा नाही. म्हणूनच मी एकही चार्ज लिहिलेला नाही. पुंगळी, प्रायमर, गोळी किंवा पावडरचा लॉट बदलला की पुन्हा खालून सुरुवात. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. पन्नास पुंगळ्या भरून झाल्या की गोळ्या बसवण्याआधी टॉर्चच्या उजेडात प्रत्येकीत डोकावा, पावडरची पातळी सारखी दिसली पाहिजे.

वार्गेटबद्दल एक : पावडर उत्तम आहे, उन्हा-थंडीत फारशी बदलत नाही. पण तिचे दाणे लांब आहेत, .२२३ च्या अरुंद तोंडात फनेलमध्ये अडकतात, आणि ५५ ग्रेनच्या गोळीखाली वरच्या चार्जला पुंगळी काठोकाठ भरते. बेंचमार्क, एच ३२२ किंवा आयएमआर ८२०८ एक्सबीआर यांचे दाणे आखूड आहेत, मापून टाकायला सोप्या जातात आणि ४० ते ५५ ग्रेनला छान जुळतात. वार्गेट पुढे जड गोळ्यांसाठी ठेवा.

रानवारा

सदूभाऊ, पितळखोर, मनापासून आभार. सदूभाऊंचा प्रतिसाद छापून बेंचसमोर लावतोय. दोन शंका.

एक, बेंचरेस्ट प्रायमरचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. दोन, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) घ्यायचाच का? वेगाच्या तफावतीने ३०० यार्डांपर्यंत एवढा कमी फरक पडतो तर त्याची गरज काय?

सदूभाऊ

प्रायमर शेवटी. सीसीआयचा बीआर-४ किंवा फेडरलचा २०५एम चांगलेच आहेत, फरक पडलाच तर बारीक असतो आणि तो ओळखायला आधी बाकी सगळं स्थिर हवं. आत्ता त्यापेक्षा प्रायमर बसवण्याकडे लक्ष द्या. खोबणी स्वच्छ, हातातल्या टूलने बसवलेला, तळाला टेकलेला आणि पुंगळीच्या बुडापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच आत. भरलेलं काडतूस सपाट काचेवर उभं केलं आणि डुललं, तर प्रायमर वर राहिला आहे.

क्रोनोग्राफचं उत्तर पुढच्या माणसाला द्यायला सांगतो. उत्तराताई, तुम्ही तापलेल्या नळीबद्दल मागे एकदा लिहिलं होतं, तेही इथे येऊ द्या.

उत्तरा_नेमबाज

सदूभाऊंनी बोलावलं म्हणून आले.

क्रोनोग्राफ घ्या, पण तो ग्रुप लहान करण्यासाठी नाही, दाब ओळखण्यासाठी. घरबसल्या दाब मोजायचं यंत्र आपल्यापैकी कुणाकडे नसतं. वेग हीच त्याची सगळ्यात विश्वासू खूण आहे. मॅन्युअलमध्ये कमाल चार्जला जो वेग लिहिलाय तो, नळीच्या लांबीचा फरक धरून, तुम्हाला त्याआधीच मिळत असेल तर दाबही तिथे आधीच पोचलाय. मग मॅन्युअल अजून अर्धा ग्रेन वर जा म्हणत असलं तरी तिथेच थांबायचं. .२२३ रेमिंग्टनची सामीने (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकी संस्था) ठरवलेली दाबाची मर्यादा ५५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे. प्रायमर चपटा दिसेपर्यंत किंवा बोल्ट जड उचलला जाईपर्यंत तुम्ही बहुधा तिच्या पुढे गेलेले असता. पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा दिसला की त्या लोडची उरलेली काडतुसं झाडू नका, गोळी काढून सुटी करा. तफावतीच्या आकड्यालाही सदूभाऊंचाच नियम लागू : पाच गोळ्यांवरची तफावत म्हणजे काहीच नाही.

आता उष्णता. प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर बसलं की झपाट्याने गोळ्या जातात. जाड नळी उशिरा तापते पण उशिरा निवतेही. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून बोल्ट लावून तुम्ही वाऱ्याची वाट बघत बसलात तर पावडर भाजत राहते, दाब आणि वेग दोन्ही चढतात. बेंचवर निवांत जमवलेला कमालीच्या जवळचा लोड तिथे कमाल ओलांडतो. मी दोन गोष्टी पाळते. मैदानावरचा लोड कमाल चार्जपासून राखून खाली ठेवते, कारण प्रेअरी डॉगला ५० फूट कमी वेगाने काहीही फरक पडत नाही. आणि वाट बघायची असेल तर बोल्ट उघडा ठेवते, काडतूस हातात किंवा सावलीतल्या डब्यात. उन्हात तापलेल्या गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवलेला मी बघते तेव्हा जीव कळवळतो.

नळीच्या घशाचंही ऐका. .२२-२५० सारखं काडतूस त्याच बारक्या भोकातून खूप जास्त पावडर जाळतं, त्यामुळे तिथे आट्यांची सुरुवात लवकर जळून पुढे सरकते. .२२३ त्या मानाने फारच सोशिक आहे. पण तापलेल्या नळीतून सलग गोळ्या काढल्या तर कुठलंही काडतूस घसा खातं. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी आट्यांपर्यंतचं माप घेऊन लिहून ठेवा. ते पुढे गेलेलं दिसलं आणि ग्रुप उघडला तर चार्जशी खेळण्याआधी गोळी तेवढी बाहेर आणून बघा.

आणि ज्यांच्या देशात पावडर-प्रायमर बाळगायला, काडतुसं भरायला परवाना लागतो त्यांनी तो आधी घ्या.

रानवारा

थोडा वेळ घेऊन परत आलोय, कारण सांगितलं तसं करायला वेळ लागला.

एका लॉटच्या शंभर पुंगळ्या आणल्या. ॲक्शनचे स्क्रू, रिंगा, पॅरॅलॅक्स सगळं जागेवर आणलं. खांद्याचं माप घेतलं, आणि ते बोल्टचा दांडा स्वतःहून खाली येणं सदूभाऊंनी लिहिलंय अगदी तसंच जाणवलं. पावडर बेंचमार्क घेतली. चार गोळ्या, मॅन्युअलमधला मधला चार्ज, दहा-दहाचे ग्रुप. ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स सव्वा इंच. ४० ग्रेनची एक गोळी दीड इंचाच्या पुढे. ५० ग्रेनच्या दोन गोळ्यांपैकी एक इंचाच्या किंचित वर आणि दुसरी, ब्लिट्झकिंग, ०.९ इंच. तीच ब्लिट्झकिंग पुन्हा मारली तेव्हाही ०.९ च्या आसपासच. मग खोली बदलत गेलो. ०.०२० पासून आणखी खोल, एका जागी दहाचा ग्रुप पाऊण इंचाला आला आणि तिथे दोन पायऱ्या तसाच राहिला. चार्जला अजून हातही लावलेला नाही.

दहा गोळ्यांचा पाऊण इंच म्हणजे ३०० यार्डांवर सव्वादोन इंच. प्रेअरी डॉगसाठी मला तेवढं पुरे वाटतं. खारींसाठी २०० च्या पुढे जाणार नाही असं ठरवलंय. आता पुढे काय करू?

सदूभाऊ

उत्तम. ग्रुप दोन पायऱ्या टिकला ही सगळ्यात चांगली खूण. त्या दोन पायऱ्यांपैकी गोळी कमी खोल बसते ती घ्या. घसा जळत पुढे जाईल तशी उडी वाढत जाणार, ती दुसऱ्या पायरीएवढी वाढली तरी ग्रुप टिकलेला राहील. फक्त ती खोली ठरली की दाबाच्या खुणा पुन्हा बघा, कारण गोळी खोल गेली की आतली जागा कमी होते.

चार्ज आहे तिथेच राहू द्या. उत्तराताईंनी सांगितलं त्या कारणाने तो कमालीपासून लांब असणं तुमच्या फायद्याचं आहे. त्याच गोळीची आणि त्याच लॉटच्या पावडरची पुढच्या हंगामापर्यंत पुरेल एवढी खरेदी करून ठेवा.

आता बेंच सोडा. उरलेली काडतुसं वाऱ्यावर खर्च करा. १०० यार्डांवर शून्य करू नका (नेम आणि गोळी एकाच जागी आणू नका), २०० वर करा. मग खरोखर १५०, २५० आणि ३०० वर कागद लावून गोळी कुठे पडते ते बघा आणि ते आकडे पट्टीवर लिहून स्टॉकला चिकटवा. कॅल्क्युलेटरवरचे आकडे सुरुवातीला ठीक, पण चिकटवायचे ते कागदावरचे. लक्ष्याच्या अलीकडे, साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणि अर्ध्यावर, काठीला रंगीत फीत बांधा. तुमच्याजवळचा वारा गोळीला जास्त ढकलतो, कारण त्याने दिलेला कोन उरलेल्या सगळ्या वाटेवर वाढत जातो. फिती वेगवेगळ्या दिशांना उडत असतील तर थांबा. गोळी मारण्याआधी मनात म्हणा, "इतके इंच डावीकडे जाईल", मग मारा आणि वहीत दोन्ही लिहा : म्हटलेलं आणि झालेलं.

त्या वहीचं पहिलं पान भरलं की इथे टाका. ब्लिट्झकिंगचा तुमच्या नळीतला वेगही क्रोनोग्राफवर घेऊन लिहा, पितळखोरांकडे तीच गोळी १२ ट्विस्टमध्ये आहे, त्यांच्या वाऱ्याच्या नोंदींशी ताडून बघता येईल.

पितळखोर

माझ्या नोंदी २०० आणि ३०० च्या आहेत, आडव्या वाऱ्याच्या वेगळ्या काढून ठेवतो. रानवारा, तुमच्या त्या शंभर पुंगळ्या चार-पाच वेळा भरून झाल्या की माना ॲनील करायचं (तापवून मऊ करायचं) बघू, तेव्हा नवा धागा काढा.